धुरपाच्या लेकराची गावाला काळजी

आमच्या परटाच्या आळीतली बाई घाटावर गेली, की येताना धुण्याचं एक गाठोडं आन् गोष्टींची दोन! धुणं निदान वाळवून, घड्या घालून ज्याचं त्याच्या घरी पोचतं करता येतं. गोष्टींचं तसं न्हाई. त्या न्यायला कुणी येतच न्हाई, आपल्याच घरात साचत बसतात. आता तुमी बसलाच हायेत तर ऐका. कुणाला घाई असंल तर आत्ताच उठा, मधीच उठलेलं मला चालत न्हाई.

तव्हा निजामसरकारचं राज्य होतं. आमचं गाव नेकनूरच्या बाजाराला पायी जाता येईल एवढ्या अंतरावर. गावाच्या खालच्या अंगाला ओढा, ओढ्यावर आमचा घाट. आता तुमच्या पोरी टबात पावडर टाकतात आन् बाहेर जाऊन बसतात. आमी दगडावर आपटायचो, आन् आपटता आपटता गावातल्या प्रत्येकाला धुऊन काढायचो.

मी कौसा. माझ्या शेजारचा दगड धुरपाचा. धुरपा माझी चुलत जाऊ. माझ्या मालकाचा चुलतभाऊ लिंबाजी, त्याची बायको. पण गावात तिला नुसतं धुरपा कुणी म्हणत नव्हतं. येडी धुरपा! आन् तिचा नवरा खुळा लिंबाजी. दोघंबी जलमापासून डोक्यानं कमी. सांगितलेलं समजायचं, पण लई सावकाश समजायचं. आन् एकदा समजलं की झालं, मग ते डोक्यातनं काढायची कुणाच्या बापाची ताकद नव्हती.

०

त्यांचं लगीन जमवलं सरूआत्यानं. सरूआत्या म्हणजे आमच्या आळीतली सगळ्यात म्हातारी आन् सगळ्यात मोठ्या आवाजाची बाई. धुरपाचं माहेर तेलगावाकडचं. आत्या तिथं जाऊन पोरगी बघून आली आन् घाटावर उभी राहून म्हणली, "शहाणी पोरगी लिंबाजीला कुणी देणार न्हाई. शहाणा नवरा हिला मिळणार न्हाई. दोन्ही खुळी एकाच घरात घाला, म्हणजे बाकीची घरं वाचली!"

आता रीत अशी, की गावात कुणाचंबी लगीन असू द्या, नवरदेवाच्या पायाखाली पायघड्या घालायचा मान परटाचा. नवरा पाऊल टाकतो, परीट मागचं पातळ उचलून पुढं अंथरतो. लिंबाजी पोरसवदा होता तव्हापासून हे काम करायचा, आन् लई झोकात करायचा. गावातले नवरदेव त्याच्याच पायघड्यांवरनं गेलते.

त्याची स्वतःची वरात मांडवाशी आली. वाजंत्री सुरू झाली. ती वाजंत्री कानावर पडली मात्र, लिंबाजीनं बाशिंग वर सारलं, खाली वाकला, माझ्या मालकाच्या हातातलं पातळ हिसकून घेतलं आन् स्वतःच अंथरायला लागला! मागं मागं सरकतोय, कडा नीट करतोय, सुरकुत्या काढतोय. पायघड्या पार मांडवात पोचल्या. पण त्यांच्यावरनं चालणार कोण?

नवरीची आजी दारात ओवाळायला उभी होती. तिनं इकडं बघितलं, तिकडं बघितलं. म्हणली, "अवो, नवरदेव कुठं हाय?"

माझे मालक म्हणले, "हे काय, पायघड्या घालायलाय!"

मांडव हसून हसून लोळला. तेवढ्यात धुरपा आतनं उठली, मुंडावळ्यांसकट बाहेर आली आन् पायघडीचं दुसरं टोक धरलं. परटाचीच पोर ती, पातळ मातीत पडलेलं तिला बघवंना. दोघांनी मिळून झटकलं, ओढून ताठ केलं, घडी घातली. मगच अक्षता पडल्या. "जोडा जमला!" म्हणून लोकांनी टाळ्या पिटल्या. मीबी लई हसले.

हसता हसता आत्या माझ्या कानाशी आली. म्हणली, "कौसा, देवाकडं एकच माग. ह्यांना लेकरू नको."

मी देवाकडं मागत होते ते माझ्यासाठी. लगीन होऊन कितीतरी वर्सं झालती, माझी कूस उजवली नव्हती. देवानं दोघींचंबी ऐकलं न्हाई.

०

धुरपाला दिवस गेले आन् गावाला घोर लागला. कपडे घ्यायला ज्या घरी जावं तिथं हेच. "पाजायचं कळंल का गं तिला?" "झोपंत अंगाखाली घेतलं तर?" "पोरगं बापासारखं निघालं तर गावानं काय करायचं?" मला तर असं वाटायला लागलं, की धुरपाचं पोट न्हाई, आख्ख्या गावाचंच पोट दुखायलंय.

आत्या धुरपाला जड उचलू देईना. ते चांगलंच होतं. पण तिला ऐकू जाईल असं म्हणायची, "लेकरू झालं की कौसाच्या ओटीत घालू. हिनं दूध तेवढं पाजावं."

लेकरू मला पाहिजे होतं. लई पाहिजे होतं, खोटं कशाला बोलू? मनातल्या मनात त्याचं नावबी ठेवायचे. आन् धुरपा शेजारच्या दगडावर बसून माझ्याकडं बघून हसली, की मला तिच्याकडं बघवायचं न्हाई.

पोरगी झाली. सुंद्रा. अमीनाबी सुईण बाहेर येऊन म्हणली, "अच्छी है जी बच्ची. रोती भी बराबर, पीती भी बराबर." तरी कुणाचा इश्वास बसंना. आख्खा गाव लेकरू बघायला आला. बघायला कसला, तपासायला! एक येती, कानाशी टाळी वाजवती. दुसरी डोळ्यापुढं किल्ल्यांचा जुडगा हलवती. तिसरी हातापायाची बोटं मोजती. आन् जाताना सगळ्या तोंड बारीक करून म्हणायच्या, "आत्ता काय कळतंय? वर्साची झाल्यावर कळंल."

धुरपा सगळ्यांना हसून बसायला सांगायची. तिला वाटलं, रीतच असंल अशी!

पुढं पाटलाच्या वाड्यावर नातू झाला. बाळंतिणीचं धुणं परटिणीकडंच येतं. धुरपा न्यायला गेली. गाठोडं दारात ठेवलं, पदराला हात पुसले, पाळण्याशी गेली आन् पाटलाच्या नातवाच्या कानाशी फाडकन टाळी! लेकरू दचकून रडायला लागलं. मग ही बोटं धरत बसली. मोजता येत नव्हतं तिला, पण एकेक बोट धरून "हाय... हे हाय... हेबी हाय" करत गेली. मग उठली, तोंड बारीक केलं आन् पाटलीणबाईंना म्हणली, "आत्ता काय कळतंय? वर्साचा झाल्यावर कळंल."

पाटलीणबाई अशा ओरडल्या, की चावडीवरची माणसं उठून आली! "माझ्या नातवाला येडं समजतीस, भवाने?"

माफी मागायला मीच धुरपाला घेऊन गेले. धुरपाला काहीच उमगंना. म्हणली, "मग माझ्या सुंद्राला कावून केलं तसं?"

पाटलीणबाईंनी आमच्याकडं पाठ फिरवली. कपडेबी लई दिवस दिले न्हाईत. आन् त्याच दिवसापासून त्या म्हणायला लागल्या, की ती पोर तिच्या मायजवळ राहणं बरं न्हाई.

०

परटाच्या घरी गावभरचे कपडे असतात. धोतर धोतरासारखंच दिसतं. म्हणून कोपऱ्याला बिब्ब्याच्या तेलानं खूण करायची. कुणाची फुली, कुणाची रेघ, कुणाचा नुसता ठिपका. ती खूण कपडा फाटला तरी जात न्हाई. धुरपाला खुणा करायला लई आवडायचं. तरी कुलकर्ण्याचं धोतर तिच्या हातनं पाटलाच्या घरी जायचंच, आन् मग आमी दोन्हीकडनं शिव्या खायचो.

एकदा घाटावर आत्यानं तिची मस्करी केली. म्हणली, "धुरपे, तुझी पोरगी कुणी उचलून नेली तर वळखशील का गं?"

सगळ्या हसल्या. धुरपा हसली न्हाई. धुणं तसंच टाकून घरी गेली. जरा वेळानं आळीतनं लेकराचा असा टाहो आला, की आमी ओल्या लुगड्यांनी पळत सुटलो. बघतो तर धुरपानं सुंद्राच्या टाचंवर बिब्ब्यानं घरची खूण केलेली! कातडी लाल झालती, फोड यायला लागलता.

"येडीनं लेकरू भाजलं!" आत्यानं आरोळी ठोकली. बघता बघता दारात गर्दी. मला असा राग आला, की धुरपाच्या दोन थोबाडीत द्याव्या वाटलं. पोरीला म्या तिच्याकडनं ओढून घेतलं.

अमीनाबी खोबऱ्याचं तेल घेऊन आली. शांतपणानं टाचंला लावलं. आत्याचं सुरूच होतं, "लेकराच्या अंगाला बिब्बा! कुणी ऐकलंय का असलं?"

अमीनाबी मान वर न करता म्हणली, "सरू, तेरे नाती का पेट दुखा था, तब तूने उसके पेट पे क्या लगाया था? गुलाबजल?"

आत्या म्हणली, "ती दवा होती!"

धुरपा कोपऱ्यात बसून सुंद्राचा पाय बघत रडत होती. "चुकलं बाई. आता न्हाई लावणार. कुठंच न्हाई लावणार." आन् खरंच तिनं पुन्हा बिब्ब्याला हात लावला न्हाई. कपड्यांवरच्या खुणाबी मलाच कराव्या लागल्या. पण आळीत बोलणं थांबलं न्हाई. आधी बाया गमतीनं म्हणायच्या, आता गडी माणसंबी म्हणायला लागली, की पंच बसवा आन् पोरगी काढून घ्या.

०

बाजाराची एक गोष्ट सांगते, लहानच हाय. सुंद्रा चालायला लागल्यावर धुरपा तिला धोतराच्या फाटक्या काठानं कमरेला बांधून बाजारात न्यायची. नेकनूरचा बाजार म्हणजे काय गर्दी सांगू! माणूस, बैल, शेळी, सगळं एकात एक. लोक बोट दाखवायचे. "लेकरू हाय का करडू?" धुरपा सगळ्यांना सांगायची, "लेकरू हाय, लेकरू हाय."

एका बाजारात आत्याचा नातू हरवला. आत्या तिथंच फतकल मारून ऊर बडवायला लागली. आमी सगळे पांगलो. लिंबाजी आन् धुरपाबी शोधत होते, मागनं सुंद्रा बांधलेली. शेवटी पोरगं बैलबाजारात एका गाडीखाली गाढ झोपलेलं सापडलं, तोंडाला जिलबीचा पाक. आत्यानं पापे घेतले, गूळ वाटला. घरी येताना सगळे म्हणले, "लेकरंच ती. हरवायचीच."

दुसऱ्या दिवशी घाटावर आत्यानं पहिलं वाक्य काय काढावं? "बघितलं का, ती येडी पोरीला कशी बांधून फिरती!"

०

मग देवी टोचणारा आला. बीडहून घोड्यावर आलता, संगं एक शिपाई. गावात दवंडी झाली, "लेकरं घेऊन चावडीवर या हो!"

आता तुमाला खोटं वाटंल, पण त्या दिवशी गावात लेकरू म्हणून औषधाला सापडंना! कुणी कणगीत घातलं, कुणी वैरणीत. आमच्या आळीत तर भट्टीच्या थंड रांजणात दोन पोरं बसवलती आन् वर ओलं धुणं टाकलतं. लोकं म्हणायची, सरकारचा माणूस लेकराचं रगत काढून नेतो. मलाबी खरंच वाटायचं ते.

लिंबाजीनं दवंडी ऐकली. दवंडीत चावडीवर या म्हणलं होतं. तो बायकोला आन् पोरीला घेऊन चावडीवर जाऊन बसला. आख्ख्या ओट्यावर हे तिघंच! टोचणाऱ्यानं आधी सुंद्राला टोचलं. मग धुरपाला. मग लिंबाजीला. लिंबाजी खाली उतरला आन् फिरून पुन्हा मागं जाऊन उभा राहिला. टोचणारा म्हणला, "क्यूं रे, फिरसे?"

लिंबाजी म्हणला, "माझ्या मागं कुणी न्हाई ना, साहेब."

आळीत आल्यावर धुरपाला सगळ्यांनी फैलावर घेतलं. "आपल्या हातानं लेकरू नेऊन दिलंस!" सुंद्राला ताप चढला, तव्हा तर आत्या माझ्या दारात येऊन बसली. "कौसा, आता तूच घे गं तिला. न्हाईतर ती मरंल." मी रात्रंदिवस त्या पोरीच्या कपाळाला हात लावून यायचे. ताप उतरला.

पुढच्या उन्हाळ्यात गावात देवी आली. काय झालं ते मी सांगत न्हाई. आमच्या आळीतबी झालं. आत्याच्या घरीबी झालं. त्या लेकरांची नावं मी अजून घेत न्हाई. सुंद्राला काही झालं न्हाई.

तव्हा लोकांनी काय म्हणावं? म्हणले, "येड्याच्या लेकराला देवीबी हात लावीना!"

तिथनं पुढं सुंद्रा आळीत खेळायला आली, की बाया दार लावून घ्यायच्या. त्यांच्या पोटात जाळ होता, त्यांना मी काय बोलू? पण आता ही पोर तिच्या मायपाशी राहात न्हाई, हे मला कळून चुकलं.

०

आमच्या जमातीचे पंच आळीत आले, लिंबाखाली घोंगड्या टाकून बसले. मुख्य पंच दगडूबुवा. चांगला माणूस, कुणाचं वाईट करणारा न्हवे. आत्या उभी राहिली आन् सगळं एका दमात बोलली. बिब्बा बोलली, दोरी बोलली, टोचणी बोलली. बाजार न्हाई बोलली. नातवाचं नाव तोंडात आलं आन् तिला पुढं बोलताच येईना. खालीच बसली.

दगडूबुवांनी माझ्या मालकाला इचारलं, "सांभाळता का पोरीला?"

मालकांनी माझ्याकडं बघितलं. त्यांचं तोंड उघडायच्या आत मी "व्हय" म्हणून मोकळी! एवढ्या मोठ्यानं म्हणले, की माझी मलाच लाज वाटली.

मग बुवांनी धुरपाला आन् लिंबाजीला पुढं बोलावलं. लेकराला समजावावं तसं एकेक शब्द सुटा करून सांगितलं, "धुरपा, आजपासून सुंद्रा कौसाच्या घरी राहायची. तिथंच जेवायची, तिथंच निजायची. जमातीचा फैसला हाय. मोडला तर आळीच्या बाहेर. समजलं का?"

ही आता केस उपटंल, पायावर पडंल, दगड उचलंल म्हणून चार गडी माणसं आधीच जवळ येऊन उभी होती. धुरपा लई वेळ इचार करत उभी राहिली. लिंबाजी तिच्या तोंडाकडं बघत राहिला.

"आजपासून?" तिनं इचारलं.

"आजपासून."

"बरं," धुरपा म्हणली. सुंद्राचा हात माझ्या हातात दिला. म्हणली, "हिला भाकरी फुंकून लागती, बाई." आन् लिंबाजीला घेऊन घराकडं चालायला लागली. मागं वळून बघितलंबी न्हाई.

"बघा!" आत्या म्हणली. "पोटात मायाच न्हाई!"

पंचांनी चहाबिहा न्हाई, नुसतं पाणी घेतलं. जरा वेळ गेला, आन् आत्याच हळूच म्हणली, "रडली पण न्हाई गं. हे लक्षण बरं न्हाई."

तेवढं म्हणायचा अवकाश, सगळ्यांची तोंडं उतरली. खरंच की! माय रडली न्हाई म्हणजे काय? मालक म्हणले, "मी जरा विहिरीकडं चक्कर टाकून येतो."

मी सुंद्राला घेऊन घरात आले. दिवस कलायला लागलता. भाकरी टाकली, चुरली, फुंकली, तिच्या तोंडाशी नेली. तिनं तोंड फिरवलं. म्हणली, "माय कवा यायची?" मी म्हणले, "मीच तुझी माय." ती माझ्याकडं असं बघायला लागली, की मी घास खाली ठेवला. कितीतरी वर्सं ज्या घडीची वाट बघितली ती घडी आलती, लेकरू माझ्या मांडीवर होतं, आन् त्याचे डोळे दाराकडं होते.

तेवढ्यात आळीतनं ओरडा आला. "धुरपाचं दार सताड उघडं हाय! आत कुणी न्हाई!"

मग जी पळापळ झाली! कुणी विहिरीकडं, कुणी ओढ्याच्या डोहाकडं. कुणीतरी "गळ आणा, दोर आणा" म्हणून ओरडत होतं. दगडूबुवा वहाणा न घालता तसेच धावले, त्यांचं पागोटं वाटंतच सुटून पडलं. आत्या आळीच्या मधोमध उभी राहून ऊर बडवत होती. "म्या न्हाई गं केलं! पंचांनी केलं! धुरपे, म्या न्हाई केलं!"

मी उठून दारापर्यंत आले आन् उंबऱ्यातच मटकन बसले. सुंद्राला छातीशी घट्ट धरलं. डोळ्यापुढं विहिरीतलं काळं पाणी दिसायला लागलं. म्हणले, देवा, मला न्हाई पाहिजे ही पोर. नको देऊस मला काही. त्या दोघांना तेवढं वर काढ.

विहिरीवर गळ टाकला. काही लागलं न्हाई. पुन्हा टाकला. दगडूबुवा चिखलानं भरलेले, धापा टाकत परत आळीत आले. माझ्या दारासमोर येऊन उभे राहिले, पण माझ्याकडं बघायची त्यांची हिंमत होईना.

आन् तव्हाच माझ्या घराच्या मागच्या अंगानं गाढव आलं. पाठीवर वाकळा, त्यावर तवा, त्यावर उखळ दोरीनं करकचून बांधलेलं. पुढं लिंबाजी, मागनं धुरपा. तिच्या डोक्यावर मडक्यांची उतरंड, काखेत कोंबडी. ओझ्याचं गाढव बोळातनं येईना, म्हणून दोघं गावाला वळसा घालून आलते. घामानं नुसते निथळत होते.

सुंद्रा माझ्या मांडीवरनं उडी मारून पळाली.

आळी सगळी गोळा झालती. दगडूबुवांनीच कसंबसं इचारलं, "धुरपा, हे... हे काय?"

"तुमीच म्हणलाव ना, सुंद्रा हितं राहायची," धुरपा म्हणली.

लिंबाजीनं गाढवाचा दोर हातात धरला आन् मला इचारलं, "वैनी, ह्याला कुठं बांधू?"

मी तशीच उंबऱ्यात बसलेली. धुरपा डोक्यावरची उतरंड सावरत माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"सरका की जरा, बाई," ती म्हणली. "मान दुखायलीय माझी."